पहिलं बाळंतपण माहेरी

हिंगोलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझी लेक पाच महिन्यांची होती. मायनं खिडकीतून हळदीची पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "पुढच्या बाळंतपणाला बी इकडंच ये गं." मी पिशवी पायाशी ठेवली. लेकीकडं बघत राहिले. मायला वाटलं, पोरगी रडू लपवतेय. मला फक्त गाडी सुटायला हवी होती.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यातच मी कुरुंद्याला आले होते. कळा सुरू झाल्या तसं मायनं लांबच्या एका दवाखान्यात नेलं. तिला दाराबाहेरच थांबवलं. आत मी ओरडले, तर सिस्टरनं मांडीवर चापट मारली. "नवऱ्यापाशी जाताना गोड वाटलं, आता काहून वरडून राहिली?" दुसरीनं कोपरानं पोट दाबलं. टाके भूल न देताच घातले. मी पाय आवळले, की पुन्हा चापट. माय बाहेर सगळं ऐकत होती. घरी मला तेल लावताना ती एवढंच म्हणाली, "समद्याच बायांना असं व्हतं. लेकरू हाती आलं ना?"

पुण्यात एका कंपनीत पॅकिंगला लागले. दिवसभर उभ्याचं काम. ओटीपोट दुखायचं, अंगावरून जायचं; शिफ्ट चुकवता येत नव्हती. दोन वर्षांनी सोनोग्राफी केली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तांबी कधी बसवली?"

"मी बसवलीच न्हाई."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली.

मायला फोन केला. ती म्हणाली, "तू आत व्हतीस तवा त्यांनी कागद पुढं केला. अंगठा दे, न्हाईतर पेशंट दुसरीकडं ने म्हनले. मला वाचता येतं का?" कुणावर रागावू ते कळेना.

यंदा माझी धाकटी बहीण सारिका त्याच दवाखान्यात जाणार होती. मी सुट्टी टाकून गेले. बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस थांबू शकतं, तिला न विचारता काही बसवता येत नाही, हे मला पुण्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. दारात सिस्टर म्हणाली, "बाहेर थांबा."

"मी आत थांबनार. न्हाई म्हनत असाल तर लिहून द्या."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि बाजूला झाली. सारिकाचा हात मी सोडला नाही. तिच्या अंगावर कुणी हात उचलला नाही. पोरगी झाली.

आणि तेवढ्यात पडद्यापलीकडं चापट वाजली. कुणीतरी "माय गं" म्हणून ओरडलं आणि लगेच गप्प झालं. मी पडदा सारला. टेबलावरची पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल.

"ही तुमची कोन लागते?" सिस्टरनं विचारलं.

"माझ्या गावची हाय."

सिस्टरनं पडदा परत ओढला.

आता कुणी गावाकडचं विचारलं, की घराआधी मला तो पडदा दिसतो. माझ्या गावची म्हणाले खरी, पण त्या पोरीचं नावसुद्धा मी विचारलं नाही.