बुजवलेले खड्डे

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोन खड्डे बुजवणं. चांगले कमरेच्या वर खोल. ते बुजवायचे नव्हते. तसं कुणी सांगितलं असेल तर इंग्रजीत सांगितलं असेल.

मुलाने इथे अमेरिकेत, फ्रिस्को गावाच्या पुढे, शेतांच्या बाजूला, एकरभर जागा घेऊन बंगला बांधलाय. एवढा मोठा की हाक मारायला फोन लागतो. पण हिने जिऱ्याची फोडणी टाकली की छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागायचं. सून टॉवेलने वारा घालत म्हणायची, "आई, फोडणी अव्हॉइड करता येईल का?" शेवटी ही मुलाला म्हणाली, "मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या बांधून दे. माझी चूल वेगळी." मुलगा चांगला आहे, कबूल झाला.

पण इथे संडास बांधायच्या आधी माती पास व्हावी लागते. गावाचं गटार आमच्यापर्यंत येत नाही. ज्याने त्याने आपलं सांडपाणी आपल्या जमिनीत जिरवायचं, आणि जमीन ते पिते की नाही याचा नकाशा काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीला, द्यायचा. नकाशा पास झाला तर परमिट, आणि परमिट मिळालं तर खोल्या.

मातीवाला आला. मशीनने दोन खड्डे काढले, आत उतरून ढेकूळ घेतलं, ओलं केलं, अंगठ्याने दाबून त्याची पट्टी काढली आणि मोजली. मग रंगांची वही उघडली. साडीला ब्लाउजपीस लावून बघतात तसं ढेकूळ एकेका रंगाला लावून बघितलं. एवढं करून म्हणाला, माती काळी आहे.

मी चौथी शिकलो आणि चाळीस वर्षं विहिरी खणल्या. म्हटलं, "हे मी उभ्या उभ्या सांगितलं असतं."

"तुमच्याकडे लायसन्स नाही, बाबा," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात हिने ढेकूळ मळून स्वतःची पट्टी काढली. मातीवाल्याच्या पट्टीच्या दुप्पट लांब. जन्मभर चुली लिंपलेला हात. तो बघत राहिला. "अहो, यात पाणी मुरायचं नाही," ती मला म्हणाली. त्यानेही कागदावर तेच लिहिलं. आता घाण पाणी टाकीत साफ करून कारंज्याने हिरवळीवर उडवायचं. आमच्या गावात असं कुणी केलं तर पंचायत बसली असती. इथे त्याचा नकाशा काढतात.

तो निघून गेला, मुलगाही ऑफिसला गेला. खड्डे तसेच. आमच्या धंद्यात उघडा खड्डा टाकून कुणी घरी जात नाही.

ही म्हणाली, "कुणाचं लेकरू पडेल त्यात. बुजवा आधी."

मी फावडं घेतलं, तिने घमेलं. "चालतंय का फावडं, की झोप लागली?"

"तू बोलत राहा. तेवढ्याने भरेल खड्डा."

भरल्यावर तिने वरची माती हाताने थापून सारखी केली आणि मेथीचे दाणे टाकले. खोल्या होईस्तोवर भाजी तरी निघेल म्हणाली.

संध्याकाळी मुलाने डोक्याला हात लावला. काउंटीचा साहेब उद्या सकाळीच खड्डे बघायला यायचा होता. आता नवी डेट दोन महिन्यांनी मिळणार.

"दोन महिने मी फोडणी कुठे घालू?" ही पायरीवर बसत म्हणाली. मग माझ्याकडे चहा मागितला. मी करून आणेपर्यंत मान कलंडली होती.

इथे माणूस जाळायलाही परमिट लागतं. ते यायला वेळ होता.

सकाळी मी फावडं घेऊन मागे गेलो. भर टाकलेली माती सैल असते, मूळची भिंत घट्ट. नुसती भर काढायची, भिंतीला हात लावायचा नाही, कारण मातीचे थर तिथेच दिसतात. एवढं मला लायसन्सशिवाय कळतं.

मुलगा बाहेर आला. "बाबा, काय करताय? मी कॅन्सल करतो ना सगळं."

"काय कॅन्सल करतोस?"

"आता तिथे राहणार कोण?"

"मी. फोडणी मलाही येते."

साहेबाची गाडी आली तेव्हा मी दुसऱ्या खड्ड्यात होतो. तो वाकून भिंतीचे थर बघायला लागला. मी काठावरची मेथीचे दाणे असलेली माती एका अंगाला लोटली आणि वर यायला मुलाकडे हात मागितला.