उरलेल्या गोळ्यांचा डबा

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात मी उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या ठेवायचो. पाकिटाच्या प्रत्येक उरलेल्या तुकड्यावर चिठ्ठी: नाव, मुदत, शिल्लक. पाच दिवसांच्या दहा गोळ्या आणल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, की चार डब्यात. टाकून देणं मला पाप वाटे.

गल्लीत तो डबा सगळ्यांना ठाऊक होता. "दादा, दोन लाल-काया गोया द्या ना, बापले खोकला शे," म्हणत कोणीतरी लाल-काळ्या कॅप्सूल मागायला दारात उभं राही. कोणाला विळा लागला, की कॅप्सूल उघडून भुकटी जखमेवर टाकायची. मुदत संपलेली गोळी मात्र मी कधी कुणाला दिली नाही. याचा मला अभिमान होता.

गेल्या दोन वर्षांत बायकोला सहा वेळा लघवीची जळजळ झाली. चार वेळा मी डब्यातूनच गोळ्या दिल्या. कधी तीन, कधी चार. सातव्या खेपेला थंडी वाजून ताप आला, कंबर धरली. नंदुरबारला नेलं. लघवीच्या तपासणीत चौदा औषधांची नावं होती. अकरांपुढे 'आर', म्हणजे ते औषध या जंतूंना मारत नाही. उरलेली तिन्ही इंजेक्शनं. अकरांपैकी पाच नावं माझ्या अक्षरात डब्यात होती.

"आधी कोणाच्या सल्ल्यानं घेतल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माझ्या."

त्या रागावल्या नाहीत. अर्धवट औषधानं कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात, एवढं सांगितलं. हे फक्त डब्यामुळेच झालं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही तसं लिहिणार नाही. पण मूत्रपिंडाला सूज होती. दहा दिवस, रोज एसटीनं नंदुरबारला जाऊन एक इंजेक्शन.

लहानपणी पेनिसिलिनची सुई म्हणजे शेवटचा उपाय असे. कंपाउंडर काचेची सिरिंज उकळायचा, तोवर आम्ही घाबरून बसायचो. बुरशीतून निघालेलं ते औषध आमच्या हयातीत चॉकलेटासारखं स्वस्त झालं. स्वस्त झालं म्हणून मी ते जपून ठेवलं, आणि चुकलो.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी सकाळी बायको खाटेवरून उठेना. दंड सुजला होता, एसटीचा कंटाळा आला होता.

"आते ताप नही शे. बाकीना इंजेक्शन तुम्हना डबामा ठेवी द्या."

ही रीत तिला मीच शिकवली होती. सहा उरली आहेत, एवढंच म्हणालो आणि तिच्या चपला खाटेपाशी आणून ठेवल्या. बऱ्याच वेळानं तिनं पाय खाली सोडले.

रोज गेलो. दहावं झालं त्या संध्याकाळी मी डबा उघडून चिठ्ठ्या काढल्या. सत्तावीस गोळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तपासणीला लघवी द्यायला गेलो, तेव्हा त्या गोळ्या नष्ट करायला दवाखान्यात देऊन आलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आते त्या डबामा काय ठेवशात?"

लघवीचा अहवाल अजून यायचा आहे.