वॉर्ड एक, खाट एक

माणसाची ओळख आकड्यांत मावत नाही, असं मोठी माणसं गंभीरपणे सांगतात. आमच्या ऑफिसात ती दोन आकड्यांत मावते. एका इस्पितळाच्या जेवणखाणाचं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं. त्यात वॉर्डचा नंबर आणि खाटेचा नंबर जोडला की पेशंट सापडतो. सुटा आकडा कोणाचाच नसतो.

सोमवारी ते सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी प्रोग्राम तपासणाऱ्या माझ्या सगळ्या टेस्ट पास झाल्या, पडद्यावर हिरवळ पसरली आणि मी खुर्चीत जरा ताठ बसलो. शेजारच्या अश्विनीनं टेस्टमधला नमुना पेशंट वाचला.

"सर, हे गृहस्थ कायम वॉर्ड एक, खाट एकवरच झोपतात?"

"सोपं पडतं गं."

"मग मी यांना तिसऱ्या वॉर्डात सातव्या खाटेवर हलवते."

तिनं हलवलं आणि टेस्ट लाल झाली. प्रोग्राममध्ये मी दोन्ही आकडे उलट क्रमानं लावले होते. तिसऱ्या वॉर्डातल्या सातव्या खाटेचं मधुमेहाचं पथ्य सातव्या वॉर्डातल्या तिसऱ्या खाटेकडे निघालं होतं. एक आणि एक उलटे केले तरी एक आणि एकच राहतात, त्यामुळे इतके दिवस ते लपून राहिलं.

स्वतःबद्दलची आपली खात्रीही बहुधा अशीच असते. आपण स्वतःला सोयीच्या खाटेवर निजवतो आणि तब्येत उत्तम असल्याचं जाहीर करतो.

चूक सुधारली आणि सोमवारी तिसऱ्या वॉर्डातल्या सातव्या खाटेला बिनसाखरेचा चहा अचूक पोचला. सॉफ्टवेअरबद्दलची पहिली तक्रार त्याच खाटेवरून आली.