नळीतले पत्रे

आमच्या चाळीच्या स्मरणिकेत छापून आले आहे की पोलिसांनी दम भरल्यामुळे मी माझ्या गाडीचा वेग कमी केला. लिहिणारा माझा जुना मित्र असला तरी हे धादांत खोटे आहे. कोणत्याही पोलिसाने मला कधी हटकले नव्हते.

आज जिला मोपेड म्हणतात, तसली सायकलसारखी पेडल असलेली ती एक जुनी विलायती गाडी. भायखळ्याच्या एका बंगल्यामागे गंजत पडलेली मी उचलून आणली. मी गिरणीच्या कारखान्यात फिटर होतो. इंजिनाचे डोके काचेवर एमरीची घासपूड लावून घासून मी बसके केले आणि धूर बाहेर पडण्याची खिडकी कानसीने रुंद केली. हादरे बसू नयेत म्हणून इंजिनाखाली मागातल्या, धोट्याला ठोसा देणाऱ्या म्हशीच्या कातड्याच्या पिकरांचे तुकडे घातले. टाकी काळी रंगवून तिच्यावर पाट्या रंगवणाऱ्याकडून सोनेरी रेघा मारून घेतल्या. शेवटी धुराच्या नळीतले आवाज दाबणारे पत्रे काढून टाकले आणि तिचे तोंड सनईसारखे फाकवले. देखणेपण आणि वेग, दोन्ही त्या नळीने दिले. स्मरणिकेत लिहिणारा हा मित्र सायकली भाड्याने देई, त्याच्याकडेही तसलीच गाडी होती. पुढच्या रविवारी भायखळ्याच्या पुलापासून दादरपर्यंत आमची शर्यत ठरली.

मोकळ्या नळीचा एक दोष होता. वळणावर वेग कमी केला की तिच्यातून बंदुकीसारखे बार निघत. डिलाईल रोडच्या आमच्या नाक्यावर तर हमखास. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला गोळीबार होऊन तेव्हा फार दिवस लोटले नव्हते.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर तळमजल्यावरच्या मालवणच्या काकींनी मला थांबवले. त्यांच्या यजमानांच्या मांडीत त्याच गोळीबारात गोळी शिरली होती. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, ज्यांच्या आवाजाला माणसे दबकत, असा तो धिप्पाड जॉबर, म्हणजे मुकादम, आता काठी घेऊन चाले. काकी रागावल्या नव्हत्या. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "झिला, गाडी बरी दिसता. फक्त नाक्यावर इलस की आधी हाक मार. म्हणजे ह्यांका खाटेखाली जावचा लागाचा नाय."

शनिवारी पत्रे पुन्हा नळीत बसवले. मोकळ्या नळीसाठी घडवलेले इंजिन त्या पत्र्यांनी गुदमरणार, हे मला कोणी सांगायला नको होते. रविवारी लालबागलाच मित्र पुढे निघून दिसेनासा झाला. दादरला पोहोचलो तेव्हा त्याचा चहा अर्धा संपला होता.

"चालत आलास काय रे?" तो म्हणाला. मग वाकून नळीत डोकावला. "पत्रे घातलेस? हवालदाराला भ्यालास?"

"समज तसं," मी म्हणालो.

तेच त्याने आयुष्यभर सांगितले, आणि आता छापले. त्या वेळी खरे कारण सांगितले असते, तर एका ताठ माणसाचे खाटेखाली जाणे संध्याकाळपर्यंत चाळभर झाले असते. काकी आणि जॉबर दोघेही आता नाहीत, त्यांच्यामागे कोणी नाही. म्हणून लिहितो. माझे इंजिन कच्चे होते असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.

शर्यतीनंतर आठवड्याभराने जॉबर ओट्यावर बसले होते. गाडी ढकलत मी त्यांच्यासमोरून निघालो.

"काय रे, गाडी बिघडली काय? हल्ली ऐकू येत नाही."

"बिघडलेली होती, काका," मी म्हणालो. "आता नीट केली."

त्यांनी काठीच्या टोकाने मागचे चाक जरासे ठोकून पाहिले आणि मान डोलावली.