नव्या कातड्याची दिमडी

मुलाकडच्यांनी मला पसंत केलं होतं. आता त्यांचं घर बघायचं म्हणून आई, आबा आणि मी लासूर स्टेशनहून पडेगावला गेलो. बस्त्याला गुलमंडीच्या बाजारात कधी जायचं, हेही आईनं वाटेतच ठरवून टाकलं.

बंगला नवाकोरा. मुलाच्या वडिलांना जुनी वाद्यं जमवायचा नाद होता. हॉलची अख्खी भिंत त्यांनी भरून टाकली होती. तुतारीच्या तोंडात प्लास्टिकची फुलं खोचलेली आणि संबळावर टीव्हीचा रिमोट. बघूनच माझं डोकं उठलं, पण आईचा चिमटा तयारच होता.

आलेल्या पाहुण्याला डोळे मिटायला लावायचे, एखादं वाद्य वाजवायचं आणि ओळखायला सांगायचं, हा त्या गृहस्थांचा आवडता खेळ. आबांनाही त्यांनी तसंच बसवलं.

"डोळे उघडायचे नाय हां पाव्हणं. ऐसी चीज पुऱ्या शहरात नाय."

पहिल्या थापेला मला दिमडी कळली. दुसऱ्या थापेला कातडं कळलं. बोकडाचं नव्हे, घोरपडीचं. आमच्या देव्हाऱ्यात पणजोबांची दिमडी आहे. खंडोबाच्या जागरणाला आबा तीच वाजवतात. घोरपडीचं कातडं पातळ असतं, बोटानं दाबलं की सूर चढतो, हे मला लिहितावाचता यायच्या आधीपासून माहीत आहे. पण आमच्या दिमडीचा आवाज कोरडा, ठणठणीत. हा जरा ओला होता. म्हणजे कातडं नवं होतं. म्हणजे जनावर नुकतंच मारलं होतं.

आबांची बोटं मांडीवर हलली. त्यांनी ओळखलंय, हे मला दिसत होतं. तरी ते म्हणाले, "नाय बुवा, ध्यानात येत नाय."

मग मीच बोलले. "दिमडी आहे. घोरपडीची. आणि कातडं ताजं आहे."

गृहस्थ खूश झाले. "पोरगी हुशार हाय. अहो, जुनी मिळाली ती फाटकी व्हती. लग्नानंतरच्या जागरणाला आपल्या घरचीच पाहिजे म्हणून माणसं लावून डोंगरातनं घोरपड धरून आणवली. बंदी हाय, पर अपने को कौन पूछता?"

मुलानं लगेच मोबाइल माझ्यापुढं धरला. घोरपडीची शेपटी एका बुटाखाली होती आणि ती नख्यांनी फरशी ओरबाडत होती. सोलायला घेतली तेव्हाही हलत होती. मागं हसण्याचे आवाज, वर नाचाचं गाणं जोडलेलं. लाल पट्ट्यांचा तो बूट मी आत येताना दारातच पाहिला होता. हे सगळं माझ्या लग्नासाठी चाललं होतं. पोह्यांचा घास मी बशीत थुंकला. आईनं पदर तोंडाला लावला, तो माझी लाज वाटून.

आमच्या दिमडीवरची घोरपडही काही आपणहून मेली नसणार. एवढं मला कळतं. तरी त्या मोबाइलवरचं हसणं ऐकून मला जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

"मला हे घर नको," मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि चपला घालायला उठले.

परतीच्या गाडीत आबा म्हणाले, "मला पहिल्याच थापेला कळलं व्हतं."

"मग बोलला का नाही?"

"तुझं जमत व्हतं. पोरगा नोकरीला, घर सोताचं. म्हनलं गप ऱ्हावं."

"आणि मी हो म्हणाले असते तर?"

"तर जागरणाला वाजवली असती."

"तीच?"

"व्हय. तीच."

घरी पोचल्यावर त्यांनी माठातलं पाणी भरून तांब्या माझ्यापुढं धरला. मला लई तहान लागली होती, पण त्यांच्या हातातून तो घेववला नाही.