गौरीच्या पिशवीत राहिलेली वही

गौरी-गणपतीला सासुरवाडीला नारळ आणि पेढे घेऊन गेलो आणि येताना कापडी पिशवी तिथंच ठेवून आलो. एवढीच माझी चूक. पण पिशवीच्या तळाशी माझी दोनशे पानी वही होती.

त्या वहीत माझी सगळी अब्रू होती. मुलीनं कॉलेजात असताना एक खेळ घरी आणला होता. इंग्रजी अक्षरांच्या चौकोनी सोंगट्या, पटावर त्यांचे शब्द लावायचे, आणि क्यू, एक्स, झेड अशा आडमुठ्या अक्षरांना गुण जास्त. मुलगी नोकरीला लागली, खेळ विसरली. मी मात्र नादाला लागलो. भोरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर शब्द शोधायचे आणि वहीत उतरवायचे. झेड असलेले, एक्स असलेले, क्यू असूनही यू नसलेले. समोर अर्थही लिहायचे. (लिहायचे म्हणतोय. वाचायचे असं म्हणालो नाही.)

दर भाऊबीजेला पालीला, सासुरवाडीत, माझा मेहुणा दत्ता आणि मी हा खेळ मांडायचो. नेमकी तेव्हाच भाताची झोडणी सुरू असते. त्यामुळं पैज ठरलेली: हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी खळ्यावर शंभर पेंढ्या झोडायच्या. दोन वर्षं दत्ताच हरला होता. भात त्याचं, खळं त्याचं, शिक्षाही त्यालाच, त्यामुळं त्याचं काही बिघडत नव्हतं. माझी कंबर मात्र खुर्चीवर पोसलेली. खाली पडलेलं पेन उचलायचं तरी ती आधी विचार करते.

मग पिशवी राहिली म्हटल्यावर एक फोन करायचा की नाही? तिथंच तर घोळ होता. दोन्ही वर्षी मी सासुरवाडीत सांगून बसलो होतो की आपण काही पाठबीठ करत नाही, शब्द आपोआप सुचतात. सासूबाईंनी हे अख्ख्या आळीला सांगितलं होतं. आता "माझी पाठांतराची वही पाठवा" असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

बायकोनं, सुरेखानं, सरळ विचारलं, "अहो, दत्ताला फोन करू का?"

"कशाला? त्या वहीत काय आहे एवढं?" मी म्हणालो.

नवी वही सुरू केली. दिवाळीपर्यंत तिची चार पानं भरली. त्यांतल्या एका पानावर किराणा होता.

भाऊबीजेला जेवणं झाली, ओवाळणी झाली, पट मांडला. मी मांडी ठोकून बसलो तर दत्ता उठून उभा. "औंदा माझ्या जागी ही बसंल," म्हणाला आणि बायकोला पुढं केलं.

ही मंगलवहिनी. नववीत असताना लग्न झालं, शाळा सुटली. माझ्यासमोर आजवर ती "च्या आणू का" एवढंच बोललेली. मला बरं वाटलं. एवढ्या पाहुण्यांत तिला फार गुणांनी हरवायचं नाही, असंसुद्धा मी मनात ठरवलं. असा मोठेपणा मला अधूनमधून सुचतो.

मी झेड, ए, एक्स लावून 'झॅक्स' केला आणि मागं रेलून बसलो. आमचा नियम असा की समोरच्यानं अर्थ विचारला तर सांगता आला पाहिजे, नाहीतर शब्द बाद. दोन वर्षांत दत्तानं कधी विचारला नव्हता.

"दाजी, म्हंजे काय वो?" वहिनीनं विचारलं.

"एक प्राणी असतो," मी म्हणालो. "परदेशात. थंडीत राहतो."

"न्हाई दाजी. छपराच्या दगडी फरश्या तासायची कुऱ्हाड असती ती." आणि मग अगदी हळू, "तुमीच लिवलंय की."

माझ्या सोंगट्या परत माझ्या हातात आल्या. पुढच्या डावाला तिनं क्यू घालून 'फकीर' लावला. दत्ता म्हणाला, "ह्याचा अर्थ इचारू नका दाजी, दारावर येतो तो." त्यानंतर मी 'कॅट' लावला. मग 'मॅट'. सासूबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू त्यांनी गावाला भलत्याच जावयाबद्दल सांगितलं होतं.

डाव संपला. मी किती गुणांनी हरलो ते दत्तानं दोनदा वाचून दाखवलं. मग वहिनी आत गेली आणि माझी वही घेऊन आली. वहीला तिनं खाकी कव्हर घातलं होतं. म्हणाली, "म्या सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, दाजी. दहावीला भाईरून बसणार हाय. मराठी, गणित जमतंय, इंग्रजीचं लई भ्या होतं. कुणाला बोलले न्हवते. तुमी वळखलं, आन काय न बोलता वही ठिवून गेलात." तिचे डोळे भरून आले. "रोज पान-पान केलं. आता भ्या न्हाई वाटत."

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून आलं, "त्यात काय एवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर गेलो. दत्ता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी, तुमी लई केलंय आमच्यासाठी." पण सुरेखा तिथंच उभी होती आणि तिनं पेंढी उचलून माझ्या हातात दिली. अकराव्या पेंढीला कंबरेनं राजीनामा दिला. विसाव्या पेंढीला मी गवतावर आडवा होतो आणि उरलेल्या ऐंशी वहिनी झोडत होती.

सुरेखा शेजारी येऊन बसली. कंबरेला तेल लावता लावता आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. तुम्ही मुद्दाम केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ही चुकून झालेलीच बरी निघाली."