मिटलेल्या मथळ्याखालची सूचना

"मॅडम, ओला स्क्रॅप कुठं हाय?" पाटील साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

मी बेळगावात कारखान्यांची मॅन्युअल लिहिते. हे एका फाउंड्रीच्या नव्या भट्टीचं होतं. पाटील साहेब तिथले जुने सुपरवायझर, वडगावातल्या माझ्या ऑफिसात तपासायला आलेले. त्यांनी मला दहादा बजावलं होतं: ओला स्क्रॅप, म्हणजे भिजलेलं भंगार, वितळलेल्या लोखंडात पडलं की पाण्याची एकदम वाफ होते आणि लोखंड उसळून माणसाच्या अंगावर येतं. मी ते कन्नडात लिहिलं, मराठीतही लिहिलं. आता मराठीत ते नव्हतंच.

आमच्या एडिटरमध्ये मथळ्याखालचा मजकूर मिटून ठेवता येतो. तो जात नाही, फक्त दिसत नाही. मथळ्यापुढं तीन बारीक टिंबं तेवढी उरतात. पण मिटलेला मथळाच पुसला, तर आतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. आणि या सोयीचा आमच्याकडं उपयोग काय? मॅनेजर हिरेमठ सर आले की मी मराठी मिटायची, पाटील साहेब आले की कन्नड. वर कुठली भाषा, खाली कुठली, हा वादच नको! स्वतःच्या हुशारीवर मी लई खूश होते.

दोन दिवसांपूर्वी हिरेमठ सर पाठीशी उभे होते. "हे मराठी, मराठी म्हणून रिकामे मथळे कशाला? काढून टाका. प्रिंटला जायचंय, भट्टीजवळचा सूचनांचा बोर्डही यातूनच छापायचाय." काही मथळे खरंच रिकामे होते, कारण पार्टच्या यादीला भाषांतर लागत नव्हतं. मी भराभर पुसत गेले. एकापुढं टिंबं होती. घाईत दिसली नाहीत. दिसली नाहीत कसलं, मी बघितलीच नाहीत.

"साहेब, बोर्ड लागला काय वो?"

"काल सकाळीच लागला. आता दोनची शिफ्ट आत गेली असंल. भट्टीवर मारुती हाय, नंदगडचा. मशीनशॉपमधनं नवीन आलाय. त्याला कन्नड वाचाय येत न्हाय, मराठी बोर्ड बघूनच काम करतोय."

साहेबांनी मारुतीला फोन लावला. कामावर असताना फोन लॉकरात ठेवायचा नियम, कोण उचलणार? हिरेमठ सर मीटिंगमध्ये. पाटील साहेबांना स्कूटरवर मागं बसवलं आणि सुटले. प्रत्येक सिग्नलला जीव खालीवर. गेटवर वॉचमन रजिस्टर पुढं करत होता. "नंतर!" म्हणून मी ओरडलेच.

भट्टीपाशी पोचलो तेव्हा मारुती अण्णांच्या हातात भंगारानं भरलेली पाटी होती.

"मारुती, टाकू नगंस!" पाटील साहेब धावले. पाटी खाली आली. मी बोट लावलं. ओलं होतं.

अण्णा भडकले. "सात कलमं हायत बोर्डावर. साती पाठ केल्यात मी. ह्ये आठवं कुठं हाय? बोर्डावर न्हाय की वो मॅडम!"

"व्हय अण्णा. मीच पुसलं," एवढंच म्हणता आलं. रडू आलं ते तिथंच, सगळ्यांसमोर.

जुन्या प्रतीतून मजकूर परत काढला. दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड लागला.

आता कुणीही येऊ दे, दोन्ही भाषा उघड्याच ठेवते. आमची खाली का, म्हणून कुणीतरी रुसतंच. रुसू दे. रुसलेला माणूस संध्याकाळी धड घरी तर जातो.